चार ते पाच, कमी दाबाने

सून : आबा, अहो तुम्ही तो कागद वाचताय की तपासताय?

आबा : सरकारी कागद आधी तपासतात, सूनबाई. वाचायची वेळ सहसा येत नाही.

सून : पावणेचार झाले. पाचला मुदत संपतेय आणि तुम्ही समास मोजताय!

आबा : समास व्यवस्थित आहे. आजकाल एवढा सोडत नाही कोणी. कुठून आणलास हा आदेश?

सून : शाळेच्या फाटकावर चिकटवला होता. तीन दिवस इंटरनेट बंद का ठेवलंय ते तरी कळू दे म्हणून सोलून आणला.

आबा : शासकीय आदेश सोलून आणलास? गुन्हा आहे हा.

सून : मग आणा माझ्यावरही नियंत्रण. तुमची आवडती गोष्ट.

आबा : कारण तर पहिल्याच परिच्छेदात दिलंय, स्वच्छ. 'शहरात इंटरनेट बंद होणार असल्याची अफवा पसरली असून, सदर अफवेस आळा घालण्याकरिता इंटरनेट बंद करण्यात येत आहे.'

सून : परत वाचा.

आबा : एकदा कळलं की पुरे.

सून : बंद होणार अशी अफवा होती, म्हणून बंद केलं?

आबा : मग, थांबली की नाही अफवा? आता एक माणूस दाखव, जो म्हणतोय की इंटरनेट बंद होणार आहे. मी एवढी वर्षं नोकरी केली, पण अफवेचं इतकं समूळ निर्मूलन पाहिलं नाही.

सून : तुम्हाला थट्टा सुचतेय. इथे माझा जीव टांगणीला लागलाय. सरकार नवे नियम आणतंय, हवं तेव्हा, हवं तितकं, पंधरा-पंधरा दिवस बंद करता येईल असे. वर म्हणतंय, लोकांनी आपल्या सूचना आणि हरकती आज पाचपर्यंत कळवाव्यात. फक्त संकेतस्थळावर! आणि संकेतस्थळ उघडायला इंटरनेट कुठाय?

आबा : हातोहात नेऊन द्यायच्या.

सून : सकाळीच जाऊन आले. खिडकीतल्या बाई म्हणाल्या, आमचं कार्यालय कागदमुक्त झालंय, कागद घेत नाही. म्हटलं, हे मला लेखी द्या.

आबा : दिलं?

सून : दिलं ना. कागदावर. शिक्का मारून.

आबा : शिक्का गोल की चौकोनी?

सून : आबा!

आबा : बरं, बरं. पण तीन दिवस काय करत होतीस? शेजारच्या गावी जाऊन पाठवायच्या.

सून : काल सुरू होणार म्हणाले, आज सकाळी नक्की म्हणाले. मी आपली आशेवर. आता शेजारचं गाव गाठेपर्यंत सहा वाजतील. माझ्या पिशवीत बारा पानांचं निवेदन आहे, त्यावर तीनशे बारा सह्या आहेत. शाळेतली आताची मुलं, त्यांचे आईबाप, आधी शिकून गेलेले, सगळ्यांच्या. त्यांच्यापुढे उद्या काय तोंड घेऊन उभी राहू?

आबा : तुमच्या शाळेत सगळी कर्णबधिर मुलं. त्यांचं इंटरनेटवाचून एवढं काय अडतं, हे मला खरंच कळत नाही गं. उलट त्यांना तर शांततेची सवय.

सून : हे तुम्ही मुद्दाम बोललात.

आबा : थोडंसं.

सून : ती शिवणवाली आठवते? नदीपलीकडची. तुमचा सदरा अल्टर करून दिला होता.

आबा : बाही फार सुरेख बसवली होती.

सून : तिचा नवरा जहाजावर स्वयंपाकी आहे. तोही कर्णबधिर. रोज दुपारी दोघं व्हिडिओवर हातांनी बोलतात. तिकडे पोळ्या जळेपर्यंत. फोनवर तुम्ही-आम्ही आवाज ऐकतो, त्यांचा आवाज म्हणजे ते हात. परवापासून घर मुकं झालंय तिचं. आपल्याला आठ दिवस इंटरनेट नसलं तर कंटाळा येतो, आबा. तिचं तोंड बांधल्यासारखं होतं.

आबा : लिहून पाठवावं. साधे मेसेज जातायत की.

सून : तुम्हाला उद्या कोणी सांगितलं, आजपासून घरात बोलायचं नाही, काय हवं असेल त्याचा अर्ज करायचा, तर चालेल?

आबा : जन्मभर तेच केलंय मी. तुझ्या सासूबाईंना पहिला निरोपसुद्धा मी 'संदर्भ : आपली भेट' असं लिहून पाठवला होता.

सून : हसवू नका, मी चिडलेय. आम्ही काही सरकारचे हात बांधा म्हणत नाही. एवढंच मागतोय, की बंद करायची वेळ आलीच, तर या लोकांपुरती वाट उघडी ठेवा. ती सूचना आज गेली नाही, तर उद्या नियम पक्के. मग बसा.

आबा : सूनबाई, तुला माझं मत माहीत आहे. त्या चादरीवाल्याला मी पाहिलंय. मुलं पळवतो म्हणून कोणीतरी चित्रफीत फिरवली आणि तासाभरात चौकात पाचशे माणसं. आमच्या कार्यालयाच्या जिन्यात लपला होता तो. दातावर दात वाजत होते. साहेबांनी सगळं बंद करायला लावलं, तेव्हा अर्ध्या तासात गर्दी पांगली. माझ्या हातचा चहा पिऊन घरी गेला तो. जिवंत गेला. त्या दिवशी कोणी मला स्वातंत्र्यावर भाषण दिलं असतं, तर मी त्याला जिन्यात नेऊन उभं केलं असतं.

सून : मला मान्य आहे. तो वाचला ही मोठीच गोष्ट. पण त्याने काही केलं नव्हतं, हे लोकांना कधी कळलं?

आबा : आम्ही लगेच खुलासा प्रसिद्ध केला. मीच लिहिला.

सून : कुठे प्रसिद्ध केलात?

आबा : संकेतस्थळावर.

सून : जे बंद होतं.

आबा : ...जे बंद होतं.

सून : त्यानंतर तो या शहरात चादरी विकायला आला का कधी?

आबा : नाही आला. मी वाट बघायचो.

सून : आता बोला.

आबा : काय बोलू? आदेश बघू दे. पुढचं पान... 'यास्तव सर्व संबंधितांस याद्वारे अवगत करण्यात येते की'... अरेच्चा!

सून : काय झालं?

आबा : हे माझं वाक्य आहे!

सून : अहो, असलं वाक्य कोणाचंही असू शकतं.

आबा : नाही! 'याद्वारे अवगत' माझ्याशिवाय कोणी लिहीत नसे. बाकीचे सगळे 'कळविण्यात येते'वाले. साहेबांशी भांडून ठेवला होता मी तो 'अवगत'. थांब, थांब. चष्मा दे. दूरचा नको, जवळचा. कलम तीन ऐक. 'नागरिकांनी आदल्या दिवशी पुरेसे इंटरनेट भरून ठेवावे.'

सून : काय भरून ठेवावे?

आबा : कलम चार! 'पुरवठा सुरळीत झाल्यानंतर पहिले दोन दिवस इंटरनेट गढूळ येण्याची शक्यता असल्याने ते गाळून व उकळून घ्यावे.'

सून : आबा, शपथ घ्या!

आबा : शपथ कशाला, सही आहे खाली. मोठ्या साहेबांची. हिरव्या शाईत! कलम पाच, 'कोणीही नागरिक इंटरनेटने वाहन धुताना आढळल्यास त्याची नळजोडणी तोडण्यात येईल.' सूनबाई, हा माझा पाणीबंदीचा आदेश आहे! मोठी जलवाहिनी फुटली होती, तेव्हाचा. अकरा वर्षांपूर्वीचा. कपाटातला नमुना काढला कोणीतरी आणि 'पाणी' खोडून 'इंटरनेट' घातलं.

सून : वाचलं नाही कोणी? टंकलेखक, कारकून, मोठे साहेब, कोणीच?

आबा : नमुना वाचत नसतात, त्यावर विश्वास ठेवतात. मी तरी काय करायचो? दंगलीचा आदेश मी यात्रेच्या आदेशावरूनच काढायचो. पण मी कलमं गाळायचो गं! यांनी एकही गाळलं नाही. सहा बघ, 'उंचावरील वस्त्यांना टँकरने इंटरनेट पुरविण्यात येईल.'

सून : अग्गं बाई! मला श्वास घेऊ द्या.

आबा : हसू नकोस. हसू नकोस म्हणतो ना! किती वाजले?

सून : चारला पाच कमी. का?

आबा : कलम सात. नीट ऐक आणि पदर खोच. 'उपरोक्त बंदच्या काळात नागरिकांची गैरसोय टाळण्याकरिता दररोज सायंकाळी चार ते पाच या वेळेत कमी दाबाने इंटरनेट पुरवठा चालू ठेवण्यात येईल.'

सून : चार ते पाच!

आबा : कमी दाबाने.

सून : पण चालू!

आबा : चालू. सहीनिशी.

सून : लावा फोन! लावा आधी!

आबा : कोणाला?

सून : तुमच्या चिरंजीवांना. इंटरनेट कंपनीत बसून तेच ना बंद करून बसलेत.

आबा : तुझा नवराही आहे तो.

सून : परवापर्यंत होता. बटण दाबल्यापासून फक्त तुमचा मुलगा आहे.

(फोन स्पीकरवर. पलीकडे यंत्रांच्या पंख्यांची घरघर.)

मुलगा : आबा, कामात आहे. पटकन बोला.

आबा : सगळं बंद करून ठेवल्यावर काम कसलं?

मुलगा : बंद ठेवण्याचंच. चालू असतं तेव्हा कोणी विचारत नाही. आता दर अर्ध्या तासाला रिपोर्ट द्यायचा, की काहीही चालत नाहीये, सर्व ठीक आहे.

सून : त्यांना विचारा, आदेश वाचला होता का.

मुलगा : ती तिथेच आहे का? अगं, ऐक ना...

सून : सांगा, मी इथे नाहीये.

आबा : ती इथे नाही म्हणतेय. आदेश वाचलास का रे?

मुलगा : विषय वाचला. सही बघितली. बंद केलं.

आबा : आणि कलमं?

मुलगा : तीन पानं होती, आबा.

आबा : तुझ्यासमोर आहे ना? काढ. कलम सात वाच. मोठ्याने.

मुलगा : थांबा... 'उपरोक्त बंदच्या काळात'... हं... 'चार ते पाच'... 'कमी दाबाने'... हे काय आहे?

आबा : शासनाचा आदेश आहे.

मुलगा : टायपिंगची चूक आहे ही. उघड चूक आहे!

आबा : सही होईपर्यंत ती चूक असते. सही झाली की तो आदेश. परत चूक व्हायची तर शुद्धिपत्रक निघावं लागतं. निघालंय?

मुलगा : माहीत नाही. निघालं असलं तरी मेलवर येणार.

आबा : आणि मेल?

मुलगा : ...बंद आहे.

आबा : कोणी केलं?

मुलगा : मी.

आबा : आता कलम नऊ. 'या आदेशातील कोणत्याही तरतुदीचा भंग करणारी व्यक्ती दंडनीय कारवाईस पात्र राहील.' परवा चार ते पाच एक तास, काल चार ते पाच एक तास. दोन दिवस तू सरकारी आदेशाचा भंग करतोयस, बाळा.

मुलगा : मी? मी तर सगळं बंद ठेवून आदेश पाळतोय!

आबा : प्रत्येक गुन्हेगाराला तसंच वाटतं.

मुलगा : आबा, नोकरी जाईल माझी. साहेबांना विचारायला हवं, आणि साहेब फोन उचलत नाहीत. ते फक्त ग्रुपवर उत्तर देतात.

आबा : मग टाक ग्रुपवर.

मुलगा : ग्रुप चालू कुठाय!

सून : सांगा त्यांना, चार वाजून तीन मिनिटं झाली. भंग सुरू आहे.

मुलगा : ऐकलं मी. आणि लॉगबुकात काय लिहू? बापाने सांगितलं म्हणून चालू केलं?

आबा : लिहून घे. 'संदर्भ : शासन आदेश, कलम सात. सदर तरतुदीच्या अनुपालनार्थ, सोळा वाजून...' किती ते मोकळं सोड... 'वाजता कमी दाबाने पुरवठा सुरू केला. विलंबाबद्दल खेद आहे.' शेवटचं वाक्य विसरू नकोस. खेद व्यक्त केला की फायलीचा राग जातो.

मुलगा : कमी दाब म्हणजे किती पण? इथे आकडा टाकावा लागतो.

आबा : मूळ मसुदा लिहिताना माझ्या मनात होतं, तिसऱ्या मजल्यावर चढणार नाही इतपत.

मुलगा : म्हणजे अगदी जुन्या काळचं. फोटोसुद्धा धड जाणार नाही.

सून : अक्षरं जातील का?

मुलगा : जातील, रडतखडत. हे तू मला विचारलंस?

सून : मी आबांना विचारलं.

मुलगा : एवढ्या वर्षांत आदेशातली इतकी कलमं मी पहिल्यांदाच पाळतोय. बोट बटणावर आहे. करू?

आबा : कर.

सून : करा ना! किती वेळ लावताय!

मुलगा : आता तर माझ्याशीच बोललीस! ...केलं. चार वाजून अकरा. बघा तिकडे.

सून : फिरतंय... चक्र फिरतंय... आबा, आलं! वरची पट्टी आली. बोधचिन्ह आलं, अर्धं. आलं, आलं!

आबा : खाली जा. 'सूचना व हरकती.' लाल अक्षरात असेल.

सून : तुम्हाला कसं माहीत?

आबा : नोंदणी केलीय मी. पहिल्याच दिवशी.

सून : मीही करते. नाव... नंबर... पाठवला. आता मोबाइलवर आकडा येईल, तो घालायचा. येईलच... हे काय? 'आपली विनंती रांगेत आहे. सांकेतिक क्रमांक चोवीस तासांत प्राप्त होईल.'

मुलगा : अगं, उद्या चारनंतर मग.

सून : मुदत आज पाचला संपतेय! आज पाचला! इतकं सगळं करून... तीनशे बारा माणसं, आबा. दोन-दोन तास बसून एकेकाला हातांनी समजावलं मी, नियम म्हणजे काय, हरकत म्हणजे काय. शिवणवालीने विचारलं, सरकार वाचेल का? मी छातीवर हात ठेवून हो म्हणाले.

आबा : माझी नोंदणी झालेली आहे.

सून : तुमचं तुम्हाला पाठवायचंय ना. एका माणसाला एकच सूचना, असं लिहिलंय इथे.

आबा : हो. नऊ पानं.

सून : दोन महिने लिहीत होतात.

आबा : 'इंटरनेटवर शासनाचे नियंत्रण का असावे.' एकवीस मुद्दे. चादरीवाला सहाव्या मुद्द्यात आहे.

सून : मी मागत नाहीये, आबा. तुमचं मत आहे, तुमचा हक्क आहे.

मुलगा : चार सव्वीस.

आबा : तू गप्प बस. सूनबाई, माझ्या एकवीस मुद्द्यांच्या मुळाशी एक गोष्ट गृहीत होती. बंद करणारा माणूस आपला कागद निदान एकदा वाचेल. तेवढं मी कुठे लिहिलं नाही, कारण ते लिहायचं असतं हे मला माहीत नव्हतं. आता हा कागद मांडीवर घेऊन मी ती नऊ पानं कोणत्या तोंडाने पाठवू? 'उकळून घ्यावे' म्हणे! घाल माझा नंबर. परवलीचा शब्द 'अवगत', पुढे जन्मसाल.

सून : आबा...

आबा : घाल. डोळे नंतर पूस, अक्षरं दिसत नाहीत मग.

सून : उघडलं! तुमचं नाव आलं. पण जोडपत्र घेत नाहीये. बारा पानं चढतच नाहीत.

मुलगा : नाहीच चढणार. दाब कमी आहे. चौकटीत लिहा, थोडक्यात.

सून : दोनशे अक्षरं म्हणतंय फक्त. आबा, सांगा. तुम्ही मसुद्याचे राजे.

आबा : लिही. 'उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, सदर नियमांमधील...'

सून : संपली निम्मी अक्षरं.

आबा : एवढ्यात? मी अजून नमस्कारसुद्धा केला नव्हता.

सून : थांबा, मीच सांगते, तुम्ही चुका काढा. 'कर्णबधिर माणसं हातांनी बोलतात. ते बोलणं इंटरनेटवरून जातं. बंद कराल तेव्हा त्यांचं बोलणं चालू ठेवा.'

आबा : परत वाच.

सून : काय चुकलं?

आबा : काही नाही. 'सदर' कुठे घालावा ते बघत होतो. जागा नाही. राहू दे असंच. खाली 'तीनशे बारा जणांच्या वतीने' टाक.

सून : टाकलं. आता खूण करायला सांगतंय. 'प्रस्तावित नियमांस : समर्थन' की 'विरोध'.

आबा : सशर्त समर्थन नाही?

सून : दोनच चौकटी आहेत.

आबा : समर्थन केलं तर?

मुलगा : समर्थनवाल्यांच्या सूचना वाचत नसणार, आबा. नुसत्या मोजत असणार.

आबा : तुला काय माहीत?

मुलगा : विषय वाचून मोजायच्या. मीही तेच केलं असतं.

आबा : अनुभवी माणूस बोलतोय. सूनबाई, ती विरोधाची चौकट जरा मोठी करून दाखव. त्या बाजूला मी कधी गेलेलो नाही.

सून : ही बघा. तुम्ही करता की मी करू?

आबा : मीच करतो. माझं नाव आहे. मत माझं तेच आहे हं, बारा आणे. खूण फक्त इकडे. ...दाबलं. काही झालं नाही.

सून : फिरतंय. फिरू दे. देवा, फिरू दे.

मुलगा : चार त्रेचाळीस. घाबरू नका, माझ्याकडे रेघ हलतेय. जातंय काहीतरी तुमच्या घरातून.

सून : अजून फिरतंय...

आबा : पंखा बंद करू का? त्याने काही फरक...

सून : पोचलं! पोचलं, आबा! पोच क्रमांक आला! 'आपली हरकत नोंदविण्यात आली आहे!'

आबा : 'अवगत' नाही म्हटलं. असो. क्रमांक उतरवून घे. कागदावर.

सून : अहो, ऐकलंत का? पोचलं!

मुलगा : आबांना सांगतेस की मला?

सून : तुम्हाला! या आज घरी, मग बघते तुमच्याकडे. काय जेवणार ते सांगा आधी.

आबा : बघ, मला एकदाही विचारलं नाही हे.

सून : थांबा, माझा फोन... व्हिडिओ आहे. शिवणवाली! तिच्याकडेही सुरू झालं असणार!

मुलगा : व्हिडिओ नाही चालायचा गं, आधीच सांगतो.

सून : आली. दिसतेय. मागे शिलाई मशीन... अडकलं. हात वर उचललाय, बोटं उघडलीत आणि तिथेच थांबलंय.

आबा : काय म्हणतेय?

सून : कळत नाही. इथून पुढे तीन-चार शब्द होऊ शकतात. हात खाली आला तर कळेल.

मुलगा : पाचला सहा मिनिटं कमी. पाचला मला आदेशाप्रमाणे बंद करावं लागेल.

सून : चित्र हलतच नाहीये, आबा. ठेवू का? उद्या चारला तिलाच परत लावते.

आबा : ठेवू नकोस. तिचं बोलणं अर्धं राहिलंय.